माझे कान आणि मुलीचा पुरस्कार

माझ्या मुलीला संशोधनासाठी अनुदान मंजूर झालं, ही बातमी बायकोने मला स्वयंपाकघरातून सांगितली. मी पडवीत पेपर वाचत होतो. नेहमीप्रमाणे मी "बरं" म्हणालो. तिला वाटलं, पोरीचं एवढं मोठं काम झालं आणि ह्या माणसाला त्याचं काहीच नाही. ती हात पुसत बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि आवाज चढवून तिने तेच पुन्हा सांगितलं. तेव्हा कुठे मला कळलं. मी उठून देवापुढे साखर ठेवली. पण तोवर तिचा चेहरा उतरला होता. पहिल्या वेळी मला ऐकूच आलं नव्हतं, हे मी तिला सांगितलं नाही. बेपर्वा ठरलो तरी चालेल, बहिरा ठरायला नको, असं माझं तेव्हा होतं.

मी जहाजावर होतो. मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये मोटरमन म्हणून उभी हयात गेली. आमच्या आरे-वारेच्या बाजूला जहाजी माणसाला तोटा नाही, आणि जहाजावरचा कोणीही सुट्टीवर आला की गाव त्याला कॅप्टनच म्हणतं. मलाही म्हणायचे. आधी आधी मी दुरुस्त करायचो, मग सोडून दिलं. इंजिनरूममधला आवाज ज्याने ऐकला नाही त्याला तो सांगून समजायचा नाही. तिथे कोणी बोलत नाही, सगळा कारभार हाताच्या खुणांवर चालतो. कानांवर लावायला जाड गाद्यांचे पट्टे मिळायचे, पण त्या उकाड्यात कान शिजून निघायचे, म्हणून आम्ही ते गळ्यात अडकवून हिंडायचो. निवृत्त होऊन कायमचा घरी आलो तेव्हा मला वाटलं, गाव पूर्वीपेक्षा शांत झालंय. पाखरं कमी झाली असतील, रातकिडे कमी झाले असतील. तसं मी बायकोला म्हणालोसुद्धा. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.

मग मी युक्त्या शिकलो. बैठकीत भिंतीला पाठ लावून बसायचं, म्हणजे सगळ्यांची तोंडं समोर दिसतात. आपण जास्त बोलायचं, म्हणजे दुसऱ्याचं कमी ऐकावं लागतं. समोरचा हसला की हसायचं, त्याने सुस्कारा टाकला की "चालायचंच" म्हणायचं. आणि तो काही विचारतोय असं वाटलं तर मान हलवून हो म्हणायचं. जगात बहुतेक प्रश्नांना होकार चालून जातो. नकार दिला तर लोक कारण विचारतात आणि मग पंचाईत होते.

मुलगी आमची एकुलती एक. तिने ऑडिओलॉजी शिकायचं ठरवलं तेव्हा तो शब्द आम्हाला नीट उच्चारता येत नव्हता. गावात मी "कानाची डॉक्टर होतेय" असं सांगायचो. मुंबईत शिकून ती आपण होऊन परत आली आणि रत्नागिरीत एका दवाखान्यात बसायला लागली. तिचं अनुदान होतं ते बोटींवरच्या माणसांसाठी. मिरकरवाड्याच्या बंदरात जे लोक वर्षानुवर्षं इंजिनाशेजारी उभे राहतात, ते ड्रायव्हर, खलाशी, त्यांचे कान तपासायचे, कोणाचं किती ऐकणं गेलंय ते मांडायचं, आणि कान झाकायची सवय लावली तर काही फरक पडतो का ते बघायचं. हे सगळं तिने मला समोर बसून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. ती माझ्याशी नेहमी तशीच बोलायची. मला वाटायचं, शिकलेली मुलगी, तिची बोलण्याची ढबच तशी असेल.

"बाबा, पहिले तुम्ही या," ती म्हणाली. "तुम्ही तपासून घेतलंत, की बाकीचे येतील. लोक लाजतात हो."

"मला काय झालंय?" मी म्हणालो.

माझा एक लहानपणापासूनचा मित्र आहे. शेजारच्या वाडीत त्याचं घर आणि आंब्याची कलमं. आम्ही एकाच शाळेत गेलो, एकाच विहिरीत पोहायला शिकलो. माझी आई वारली तेव्हा मी समुद्रावर होतो. तिचं शेवटचं तोंड मला बघायला मिळालं नाही. त्यानंतर सुट्टीवर आलो की मी बॅग घरात टाकून आधी मित्राच्या आईच्या पाया पडायला जायचो. ती मला जवळ बसवायची आणि तिकडे खायला काय मिळतं, कपडे कोण धुतं, असं सगळं विचारायची. माझ्या आईने विचारलं असतं तेच.

त्या वर्षी ती आजारी होती आणि औषधपाण्यासाठी तिला धाकट्या मुलाकडे मुंबईला नेलं होतं. तिथे तिचं मन लागत नव्हतं. "मला घरी न्या" एवढंच ती सारखं म्हणत होती. मित्र म्हणायचा, जरा हिंडती फिरती झाली की आणतो. आम्ही सगळेच ती कधी येते त्याची वाट बघत होतो.

एका सकाळी त्याचा फोन आला.

"आई गेली रे," तो म्हणाला.

मला ऐकू आलं, आई आली रे.

"अरे वा," मी म्हणालो, "बरं झालं. फार वाट बघायला लावली म्हातारीने. मी येतोच आता."

पलीकडून काही ऐकू आलं नाही. तो गप्प होता की बोलत होता, ते मला कळायचा प्रश्नच नव्हता. मग फोन बंद झाला. आमच्याकडे रेंज अशीच जाते, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही. मी इस्त्रीचा सदरा घातला, बायकोला म्हणालो, मित्राची आई आली मुंबईहून, बघून येतो. नाक्यावर थांबून पेढे घेतले. तिला पेढे आवडायचे.

त्याच्या घराच्या पाखाडीच्या पायऱ्या उतरलो तर घरापुढच्या खळ्यात बरीच माणसं. मला आनंदच झाला. म्हातारी आली म्हणून सगळी वाडी लोटली, असं मला वाटलं. मी हसत आत शिरलो आणि विचारलं, "कुठे आहे आमची म्हातारी?" बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा निघतो ते समजत नाही. खळ्यातली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. कोणी हसलं नाही. मग मला गडग्याच्या दगडांना टेकवून ठेवलेले ओले बांबू दिसले, त्यांच्याजवळ मडकं दिसलं, आणि पडवीत डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या बायका दिसल्या. मुंबईहून मयत घेऊन निघालेली गाडी अजून वाटेत होती, आणि लोक तिची वाट बघत बसले होते.

माझ्या हातात पेढ्यांचा पुडा होता. तो कुठे लपवावा ते मला कळेना. सदऱ्याच्या आत घालावा असंसुद्धा मनात आलं. मित्र उठून माझ्याकडे आला. त्याने तो पुडा माझ्या हातातून काढून घेतला, आत नेऊन ठेवला, आणि परत येऊन मला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. दुपारी गाडी आली. मी खांदा दिला. सगळ्या वाटेने मी खाली मान घालून चाललो, आणि लोकांनी त्याचा अर्थ दुःख असाच घेतला असेल. दुःख होतंच. पण त्याच्यावर दुसरं काहीतरी बसलं होतं, आणि म्हातारीसाठी मला धड रडतासुद्धा आलं नाही.

घरी मी काही सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही, गावाने सांगितलं. बायको भजनाहून आली ती तोंड फिरवून आत गेली. तिथे कोणी तरी म्हणालं होतं, "पोरगी कानाची डॉक्टर आणि बापूस ठार बहिरा." ते तिने मला नंतर कधी तरी, रागाच्या भरात ऐकवलं.

मुलगी सुट्टीच्या दिवशी घरी आली. माझ्यासमोर पाट घेऊन बसली आणि शांतपणे विचारलं, "बाबा, फोनवर तुम्हाला नक्की काय ऐकू आलं?"

मी भडकलो. तुझ्या त्या अनुदानासाठी माणसं मिळत नाहीत म्हणून घरात गिऱ्हाईक शोधतेस काय, असं मी तिला बोललो. माझी पोर कधी उलट बोलत नाही. ती उठली, पाट भिंतीला लावून ठेवला आणि आईला भाजी निवडू लागली. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. रागाला लाजेपेक्षा जागा कमी लागते, म्हणून माणूस आधी रागावून घेतो.

पुढे काही दिवसांनी मी एसटीत बसून तिच्या दवाखान्यात गेलो. तिला कळवलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर पेशंटांच्या रांगेत बसलो. एका बाईच्या मांडीवर तान्हं मूल होतं, त्याच्या कानाची तपासणी करायची होती. माझी पाळी आली तेव्हा मुलगी दारात आली, मला बघून क्षणभर थबकली, आणि मग दुसऱ्या कोणाला म्हणावं तसं म्हणाली, "या, आत या."

आवाजबंद खोली म्हणजे एक कपाटासारखी खोली असते. आत खुर्ची, भिंतीला काच, काचेपलीकडे ती आणि तिचं यंत्र. कानांवर हेडफोन, हातात एक बटण. कितीही बारीक आवाज आला तरी बटण दाबायचं. तिने यंत्र सुरू केलं. आधी थोडे आवाज आले, मी बटण दाबलं. मग काही येईना. ती काचेपलीकडे बोटांनी काही फिरवत होती, थांबत होती, परत फिरवत होती. म्हणजे आवाज सोडत असणार. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी तिच्या खांद्याकडे बघायला लागलो. खांदा हलला की बटण दाबायचं, असं दोन-चार वेळा केलं. मग तिने हात थांबवला. हेडफोनमधून तिचा आवाज आला, मोठा केलेला, स्वच्छ.

"बाबा, ऐकू आलं तरच दाबा."

मी डोळे मिटून घेतले. साठी ओलांडलेला माणूस, आणि पोटच्या पोरीने परीक्षेत कॉपी करताना धरला होता. त्यानंतर मी खरं सांगितलं, म्हणजे बराच वेळ काहीच दाबलं नाही.

बाहेर आल्यावर त्या दिवशी फोनवर मी काय ऐकलं आणि काय बोललो ते तिला सांगितलं, आणि मग तिने मला कागदावर माझ्या ऐकण्याची रेघ दाखवली. एका बाजूने ती बरी चालली होती, मग कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती. इंजिनाचा आवाज आधी बारीक आणि तीक्ष्ण आवाज खातो, ती म्हणाली. पाखरं, रातकिडे, मग स, श, क, ट अशी अक्षरं. शब्दाचं अंग ऐकू येतं, त्याची धार ऐकू येत नाही. 'गेली' आणि 'आली' ह्यात फरक एका अक्षराचा, फोनवर तो आणखी पुसट होतो, आणि तुम्ही तर ती येण्याचीच वाट बघत होतात. तुमच्या जागी कोणाचीही चूक झाली असती. हे सगळं ती डॉक्टरसारखं सांगत होती. फक्त हातातलं पेन तिने सारखं उघडमीट केलं.

मला कानातली मशीनं मिळाली. ती मी घरातल्या घरात लावायचो, कोणी आलं की काढून खिशात टाकायचो. पहिल्या दिवशी मला चपला घासल्याचा आवाज आला, कुकरची शिटी कानात घुसली, कागदाचा चुरगळा ऐकून मी दचकलो. आणि बायकोचा आवाज ऐकला. ती मला जेवायला बोलवत होती आणि ओरडत होती. मी म्हणालो, अगं, एवढ्या मोठ्याने कशाला बोलतेस? ती थांबली. तिला हळू बोलताच येईना. इतकी वर्षं माझ्याशी ओरडून ओरडून तिचा मूळचा मऊ आवाज खरबरीत झाला होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मुलीचं काम मात्र हळूहळू मार्गी लागलं. बंदराजवळ तिला एक रिकामी खोली मिळाली होती. सकाळी बोटी लागल्या की ती तिथे जाऊन बसायची. आधी कोणी यायचं नाही. मग एका बोटीचा तांडेल आला, तो आपल्या खलाशांना घेऊन आला, मग त्यांचे भाऊबंद. असं करत वर्षभराने काम पुरं झालं. तिने ते कुठे कुठे वाचून दाखवलं. आणि मग कळलं की त्या क्षेत्रातल्या लोकांची जी संघटना असते तिने तरुण संशोधकासाठीचा पुरस्कार तिला दिलाय. त्यांचं त्या वर्षीचं संमेलन नेमकं रत्नागिरीत होतं, तेव्हा समारंभही इथेच. बायकोने नातेवाइकांना फोन केले. मी मित्राला प्रत्यक्ष जाऊन सांगितलं. फोनवर मी आता कोणाला काही सांगत नव्हतो.

समारंभाच्या आधी ती घरी आली होती. आत बसून भाषण लिहीत होती. मी घरामागच्या परड्यात सुपारीच्या झाडांना पाणी घालत होतो. घाम येतो म्हणून मशीनं काढून ठेवलेली. ती मागच्या दारात आली आणि मला काहीतरी विचारलं. कौलांवरून येणारं ऊन तिच्या पाठीमागून माझ्या डोळ्यांवर येत होतं, तिचं तोंड मला दिसत नव्हतं. मी मान हलवली. तिने आणखी काही विचारलं. मी पुन्हा मान हलवली आणि वर हसलोही. ती जवळ आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेली. मला वाटलं, चांगले कपडे घालून या असं काहीतरी म्हणत असेल.

समारंभाला आम्ही पहिल्या रांगेत बसलो. मी मशीनं लावून गेलो होतो, चार लोकांत पहिल्यांदाच, पोरीच्या दिवशी तिचं एवढं तरी मानावं म्हणून. आमच्या वाडीची माणसं जीप करून आली होती. मित्र आणि त्याची बायको आमच्या मागे बसली होती. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह झालं. टाळ्यांचा आवाज मला नको तितका मोठा येत होता, पण मी मशीनं काढली नाहीत. मग ती बोलायला उभी राहिली.

ती चांगली बोलली. बोटीवरचा माणूस आपलं ऐकणं कमी झालंय हे का लपवतो, ते सांगत होती. मालक घेणार नाही ही भीती, सोयरीक जमणार नाही ही भीती, आणि सगळ्यात मोठी म्हणजे लाज. मी अभिमानाने ऐकत होतो. मग ती म्हणाली, "एका गृहस्थांना त्यांच्या मित्राचा फोन आला. मित्र म्हणाला, आई गेली. त्यांना ऐकू आलं, आई आली. ते म्हणाले, अरे वा, बरं झालं."

सभागृह हसलं.

इतकं स्पष्ट हसणं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. उजवीकडचं, डावीकडचं, लांब मागचं, बायकांचं, पुरुषांचं, सगळं वेगवेगळं ऐकू येत होतं. मग तिने पेढ्यांचं सांगितलं, गडग्याला टेकलेल्या बांबूंचं सांगितलं, आणि हसणं थांबलं. एकदम सगळं शांत झालं. मी डावा हात कानावर नेला. का नेला ते माहीत नाही, लपावंसं वाटलं एवढंच. मशीनवर असा हात धरला की ते शिट्टी मारतं. त्या शांततेत पहिल्या रांगेतून बारीक, लांब शिट्टी निघाली. ती मलाही ऐकू आली. मी हात काढला तोवर लोकांनी माना लांब करून बघितलं होतं. तिने नाव घेतलं नव्हतं. नाव माझ्या कानाने सांगितलं.

शेवटी घरच्यांना फोटोसाठी वर बोलावलं. तो फोटो आमच्याकडे आहे. मुलगी समोर बघतेय, बायको सन्मानचिन्हाकडे बघतेय, आणि मी स्टेजच्या फळ्यांकडे.

परतताना गाडी मुलगी चालवत होती. समुद्राच्या बाजूचा रस्ता लागला तसा मी तिच्याकडे वळलो. मग म्हणालो, "बापाची लाज स्टेजवर मांडलीस. पुरस्कारासाठी."

तिने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. माझ्याकडे वळून बसली, तोंड दिसेल अशी.

"बाबा, मी तुम्हाला विचारलं होतं."

"कधी?"

"तुम्ही झाडांना पाणी घालत होतात तेव्हा. मी विचारलं, पेढ्यांचं सांगू का, नाव घेणार नाही. तुम्ही हो म्हणालात. मी परत विचारलं, नक्की ना? तुम्ही हसून हो म्हणालात."

तिचा खांद्यावरचा हात मला आठवला. तिला वाटलं होतं, बापाने मन मोठं केलं. त्या भरवशावर ती तिथे उभी राहिली होती. आणि मी तिला काय विचारतेयस असं एकदा म्हणालो असतो तर ते सगळं टळलं असतं.

मग ती रडायला लागली. "मला कळायला हवं होतं," ती म्हणाली. "पाठीमागून उजेड, कानात मशीन नाही. पेशंटला मी असं कधी विचारणार नाही. तुम्हाला विचारलं." मागे बायको बसली होती. तिने दोघांपैकी कोणाचीच बाजू घेतली नाही. ती म्हणाली, "चला आता घरी. दिवेलागण झाली." तो खरबरीत आवाज ऐकून मी खिडकीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी मित्र आला. फोन न करता आला. पडवीत बसला, चहा घेतला, कलमांवर आलेल्या रोगाबद्दल बोलला. मग म्हणाला, "त्या दिवशी फोनवर तुला उलटं ऐकू गेलंय, ते मला तेव्हाच कळलं होतं. मी परत फोन करायला हवा होता."

मी म्हणालो, तुझ्या आईचं झालेलं, तुला कुठलं सुचतंय.

"सुचलं होतं," तो म्हणाला. "फोन हातातच होता. पण तू इतका खुशीत बोललास. मला वाटलं, गावात एका तरी माणसासाठी आई घरी आलीय. तू येशील तोवर तसंच राहू दे. तुझ्या हातात पेढे असतील हे माझ्या डोक्यात आलं नाही."

तो खाली बघून बोलत होता. इतके दिवस तोही ते घेऊन हिंडत होता. मला वाटलं होतं की लाज फक्त माझ्या वाट्याला आलीय. हे ऐकून मोकळं वाटायला हवं होतं, पण तसं काही झालं नाही. मी त्याचा इतका जवळचा, आणि त्याने मला खळ्यातून हाताला धरून बसवलं तेव्हा त्याच्या मनात काय चाललंय ते विचारायचं मला वर्षभरात सुचलं नव्हतं. विचारलं तर उत्तर ऐकावं लागतं, आणि ऐकायचीच तर मला भीती. म्हातारीची आठवण काढून आम्ही दोघं थोडं बोललो. त्या दिवशी मला रडू आलं.

मुलीला पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा अनुदान मिळालं. त्याच माणसांना परत तपासायचं आणि ज्यांना गरज आहे त्यांना मशीनं लावायला तयार करायचं. ह्या वेळी तिने मला या म्हटलं नाही. मीच म्हणालो, बाय, मी येऊन बसलो तर चालेल का? तिने मला समोरून, दिवसाउजेडी परत विचारलं, नक्की का? मी हो म्हणालो आणि तिने काय विचारलं तेही म्हणून दाखवलं.

तेव्हापासून मी कधी कधी बंदरावर तिच्याबरोबर जातो. खोलीबाहेर बाकावर बसतो. काम असं मला काही नाही. येणाऱ्याला बस म्हणतो, चहा सांगतो. एकदा एक ड्रायव्हर आला, चाळिशीचा, दणकट माणूस. मुलगी त्याला सगळं समजावून विचारत होती आणि तो हसून मान हलवत होता. मी उठून तिला म्हणालो, ह्याला ऐकू गेलेलं नाही, परत विचार. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता हा उठून जातोय. गेला नाही. कानापर्यंत लाल होऊन तिथेच बसून राहिला.

नंतर तो बाहेर येऊन माझ्या शेजारी टेकला. बर्फाच्या गाड्या खाली होत होत्या, त्या गोंगाटात मशीन असूनही मला त्याचं बोलणं धड कळेना.

"काय म्हणालास? परत सांग," मी म्हणालो. असं विचारताना मला अजून जड जातं.

"म्हटलं, तुम्हाला पण हाय काय?"

मी कानातलं मशीन काढून तळहातावर ठेवलं आणि हात त्याच्यापुढे धरला. आजूबाजूला माणसं होती, जाळी विणणारे होते, मासळीच्या टोपल्या घेऊन चाललेल्या बायका होत्या. मला लाज वाटत होती. पण मी हात मागे घेतला नाही. त्याने बोटाने ते उलटंपालटं करून बघितलं आणि तोंड माझ्यासमोर आणून विचारलं,

"एवढंसंच?"

"एवढंच," मी म्हणालो.